जखम भरते, पण थांबते कशी?

गुडघा कधीच खरचटला नाही असे मूल शाळेत सापडणे कठीण. खेळाच्या तासाला कुणीतरी पडते, कातडी सोलली जाते, रक्त येते, खपली धरते. आठ-दहा दिवसांनी खपली गळून पडते आणि खाली नवी, गुलाबी कातडी दिसते. 'जखम भरते कशी?' असे मुले विचारतात आणि आपण उत्तरही देतो : कडेच्या पेशी विभागतात, त्यांची संख्या वाढते आणि रिकामी जागा भरून निघते.

उत्तर बरोबर आहे, पण ते अर्धेच आहे. उरलेला अर्धा प्रश्न मुले क्वचित विचारतात आणि आपणही तो काढत नाही. जागा भरून निघाल्यावर पेशी थांबतात कशा? गुडघ्यावर कातडीचा ढीग का साचत नाही?

हा प्रश्न किती मोठा आहे हे पाहायचे तर फळ्यावर थोडे गणित करू या. एक पेशी दिवसातून एकदा विभागते असे धरू. दहा दिवसांनी 1024 पेशी होतील. वीस दिवसांनी दहा लाखांच्या वर. तीस दिवसांनी 107 कोटींहून अधिक! म्हणजे विभागणे ही काही पेशीची फार मोठी करामत नव्हे. तिची खरी करामत आहे ती वेळेवर थांबण्यात.

1931 मध्ये हिगिन्स आणि अँडरसन या दोन संशोधकांनी उंदरांच्या यकृतावर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. त्यांनी यकृताचा दोन-तृतीयांश भाग काढून टाकला. उरलेल्या भागातील पेशी विभागू लागल्या आणि आठवडा-दोन आठवड्यांत यकृताचे वजन जवळपास पूर्वीइतके झाले. आणि मग वाढ थांबली. यकृतात कुणी तराजू घेऊन बसलेले नसते. मग 'पुरे' असे कुणी सांगितले? या लेखात आपण याच 'पुरे'चा माग काढणार आहोत.

वाढीचा हुकूम

आधी वाढ सुरू कशी होते ते पाहू. प्राण्यांच्या शरीरातील बहुतेक पेशी आपल्या मनाने विभागत नाहीत. त्यांना बाहेरून निरोप यावा लागतो. हा निरोप काही विशिष्ट प्रथिने आणतात. त्यांना वाढघटक म्हणतात.

यातील एका वाढघटकाचा शोध मोठा गमतीदार आहे. अमेरिकेतील स्टॅनले कोहेन हे उंदराच्या लाळग्रंथीचा अर्क नवजात उंदरांना टोचून पाहत होते. उंदराचे पिल्लू साधारणपणे बाराव्या ते चौदाव्या दिवशी डोळे उघडते. अर्क टोचलेल्या पिल्लांनी सहाव्या-सातव्या दिवशीच डोळे उघडले! त्यांचे दातही लवकर आले. दुसऱ्या एका कामासाठी वापरलेल्या अर्काचा हा अनपेक्षित परिणाम होता. दुसऱ्या कुणी त्याकडे दुर्लक्ष केले असते. कोहेन यांनी केले नाही. अर्कातील नेमके कोणते द्रव्य हे करते याचा त्यांनी शोध घेतला आणि 1962 मध्ये ते प्रथिन वेगळे केल्याचे जाहीर केले. ते अवघ्या 53 अमिनो आम्लांचे एक लहानसे प्रथिन निघाले. ते बाह्यत्वचेच्या पेशींची वाढ घडवून आणते. त्याचे इंग्रजी नाव एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर. आपण त्याला ईजीएफ म्हणू. या क्षेत्रातील कामासाठी कोहेन आणि रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांना 1986 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

निरोप आला तरी तो ऐकायला कान हवा. पेशीच्या पटलावर असे 'कान' असतात. तीही प्रथिनेच. त्यांना ग्राही म्हणतात. ईजीएफचा ग्राही पेशीपटलातून आरपार गेलेला असतो. त्याचे डोके पेशीच्या बाहेर आणि शेपटी आत असते. ईजीएफ डोक्याला येऊन चिकटला की ग्राहीचा आकार बदलतो आणि असे दोन ग्राही एकमेकांशी जोडी करतात. मग प्रत्येक ग्राही दुसऱ्याच्या शेपटीला फॉस्फेटचे गट लावतो. शेपटीला फॉस्फेट लागले की आतली प्रथिने तिथे गोळा होतात आणि निरोप एकाकडून दुसऱ्याकडे असा केंद्रकापर्यंत पोचतो. तेथे विभाजनाची तयारी करणारी जनुके कामाला लागतात.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवू या, ती पुढे उपयोगी पडणार आहे. ग्राहींना जोडी जमवायची असेल तर त्यांना पेशीपटलात इकडून तिकडे सरकता आले पाहिजे. पेशीपटल ही भिंत नसून मेदाचा पातळ, प्रवाही थर आहे. त्यात ग्राही तळ्यातल्या होड्यांसारखे तरंगत असतात.

एकाच पाण्यात दोन तऱ्हा

आता असे वाटेल, की थांबण्याचे कोडे सोपे आहे. वाढघटक आला की पेशी वाढतात आणि संपला की थांबतात. पण प्रयोगशाळेतील काचेच्या बशीत वेगळेच दिसते.

बशीत पोषक द्रव घालून त्यात कातडीसारख्या अस्तराच्या थोड्या पेशी सोडल्या, की त्या तळाला चिकटतात, पसरतात, विभागतात. हळूहळू सगळा तळ भरतो. एकमेकींना खेटून पेशींची एक फरशी तयार होते आणि वाढ मंदावते, थांबते. एकावर दुसरा थर सहसा चढत नाही. आता सुईने या फरशीवर एक ओरखडा काढला तर? ओरखड्याच्या कडेच्या पेशी रिकाम्या जागेत सरकतात आणि पुन्हा विभागू लागतात. कडेपासून दूर असलेल्या पेशी मात्र शांतच राहतात. ओरखडा बुजला की कडेच्या पेशीही थांबतात.

नीट विचार करा. बशी एकच, द्रवही एकच. त्यातला वाढघटक दोघींनाही मिळतो आहे. मग एक पेशी विभागते आणि दुसरी विभागत नाही, हे कसे? दोघींत ठळक फरक एवढाच, की एकीच्या बाजूला जागा रिकामी आहे आणि दुसरीला चहूकडून शेजारणी आहेत.

स्पर्शाचा पेशींवर परिणाम होतो हे 1953-54 मध्ये लंडनमधील मायकेल अ‍ॅबरक्रोंबी आणि जोन हेजमन यांनी कोंबडीच्या गर्भाच्या हृदयातील पेशींवर दाखवले होते. दोन पेशी सरकत सरकत एकमेकींना भेटल्या की त्यांची पुढे जाण्याची हालचाल थांबते, असे त्यांना आढळले. त्यांचे निरीक्षण हालचालीविषयी होते. पुढे विभाजनाच्या बाबतीतही 'स्पर्शाने येणारा अटकाव' अशी भाषा रूढ झाली.

यावर एक रास्त शंका होती. दाटीत अन्न आणि वाढघटक कमी पोचत असतील, कडेला जास्त पोचत असतील, तर स्पर्शाचा संबंधच काय? 1970 च्या दशकात या मुद्द्यावर बराच वाद झाला. पोषणाचा वाटा खरोखरच असतो, हेही दिसून आले. पण स्पर्शाचा वाटा वेगळा काढून दाखवणारा प्रयोग व्हायला बराच काळ जावा लागला. त्याकडे आपण येऊच.

चिंचोक्यांची जखम

त्याआधी वर्गात करता येईल असा एक खेळ. जमिनीवर किंवा पुठ्ठ्यावर खडूने आठ बाय आठ घरांचा पट आखा. प्रत्येक घरात एक असे 64 चिंचोके ठेवा. ही झाली निरोगी कातडी. आता मधली चार बाय चार, म्हणजे 16 घरे रिकामी करा. ही जखम.

नियम एकच : ज्या रिकाम्या घराची बाजू चिंचोका असलेल्या घराला लागून आहे, त्या प्रत्येक घरात शेजारचा चिंचोका एक नवा चिंचोका ठेवतो. पहिल्या फेरीत जखमेच्या कडेची 12 घरे भरतील. दुसऱ्या फेरीत मधली उरलेली 4. तिसऱ्या फेरीत काय होईल? काहीच नाही. रिकामे घरच उरले नाही.

मुलांना विचारा : जखम केवढी होती हे कोणत्या चिंचोक्याला ठाऊक होते? कुणालाच नाही. किती नवे चिंचोके लागतील हे कुणी मोजले? कुणीच नाही. प्रत्येकाने फक्त आपल्या शेजारी पाहिले, आणि काम नेमके 16 वर थांबले. यकृताला तराजू का लागत नाही याचे अर्धे उत्तर येथे आहे. यकृताच्या बाबतीत रक्तातून येणारे निरोपही असतात, त्यामुळे 'अर्धे' म्हणायचे.

आता एक चिंचोका लाल रंगवा. तो शेजार पाहत नाही. जागा असो वा नसो, प्रत्येक फेरीत तो एकाचे दोन होतो आणि त्याची पिल्लेही तशीच वागतात. सहाव्या फेरीला ते 64 होतात, म्हणजे सगळ्या पटाइतके. दहाव्या फेरीला 1024. ढीग साचतो. हा लाल चिंचोका कशाचे उदाहरण आहे हे मुले न सांगता ओळखतात, असे आढळेल.

खेळातल्या चिंचोक्याला आपण नियम सांगितला. पेशीला डोळे नाहीत. शेजारी कुणी आहे हे तिला कळते कशाने?

शेजारणीचा हात

1907 मध्ये अमेरिकेतील एच. व्ही. विल्सन यांनी समुद्रातील लाल स्पंज रेशमी कापडातून पिळून काढला. पाण्यात सुट्या पेशींचा लाल गाळ उतरला. थोड्या वेळाने त्या पेशी सरकत एकमेकींना चिकटू लागल्या, त्यांचे गोळे झाले आणि त्यांतून पुन्हा जिवंत स्पंज घडले! म्हणजे पेशींच्या अंगावर एकमेकींना ओळखून धरणारे काहीतरी असते.

ते काय, हे सापडायला सत्तर वर्षे लागली. जपानमधील मासातोशी ताकेइची हे क्योतोहून काही काळासाठी अमेरिकेत बाल्टिमोर येथे गेले. पेशी सुट्या करण्यासाठी ते ट्रिप्सिन हे प्रथिने तोडणारे विकर वापरत. क्योतोमध्ये सुट्या केलेल्या पेशी पुन्हा चिकटत असत. बाल्टिमोरमध्ये त्या चिकटेनात. हात तोच, पद्धत तीच. मग बिघडले काय? शोध घेता कळले, की तेथील ट्रिप्सिनच्या द्रावणात कॅल्शियम पकडून ठेवणारे एक रसायन मिसळलेले होते. कॅल्शियम असेल तर एक विशिष्ट प्रथिन ट्रिप्सिनच्या तडाख्यातून वाचते. कॅल्शियम काढून घेतले की त्याचे तुकडे होतात आणि पेशींची पकड जाते. 1977 मध्ये त्यांनी हे मांडले. पुढे 1980 च्या दशकात ते प्रथिन हाती लागले. कॅल्शियमच्या आधारे चिकटवणारे म्हणून त्याला कॅडहेरिन हे नाव मिळाले. प्रयोग 'चुकला' म्हणून वही बंद न करणाऱ्यांपैकी ताकेइची हे आणखी एक!

कॅडहेरिनचे अनेक प्रकार आहेत. कातडी, आतडी, जठर यांच्या अस्तरातील पेशींवर असतो तो ई-कॅडहेरिन. तोही पेशीपटलातून आरपार गेलेला असतो. त्याचा बाहेरचा भाग शेजारच्या पेशीवरच्या ई-कॅडहेरिनला धरतो, जसा एक हात दुसऱ्या हाताला धरतो. आतला भाग कॅटेनिन नावाच्या प्रथिनांमार्फत पेशीच्या आतल्या तंतूंच्या सांगाड्याला बांधलेला असतो. अशा प्रथिनांना आपण जोडप्रथिने म्हणू.

बराच काळ जोडप्रथिने म्हणजे विटांमधला चुना, अशीच समजूत होती. निरोप देणारे वेगळे, ऐकणारे वेगळे आणि चिकटवणारे वेगळे. ही वाटणी सोयीची होती, पण ती खरी ठरली नाही.

हात धरले की कान मिटतात

1990 च्या दशकात असे दिसू लागले, की दाटीतल्या पेशींना ईजीएफ दिला तरी त्यांचे ग्राही पूर्वीसारखे जागे होत नाहीत. ई-कॅडहेरिनची पकड सोडवली तर मात्र होतात. 2004 मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी यामागचे एक कारण दाखवले. ई-कॅडहेरिनने शेजारणीला धरलेले असले की ईजीएफचे ग्राही पेशीपटलात पूर्वीइतके सहज सरकत नाहीत आणि ईजीएफला पूर्वीइतके घट्ट धरतही नाहीत. तळ्यातल्या होड्या आठवतात? त्या आता काठाला बांधल्या गेल्या. सरकता येत नाही, म्हणून जोडी जमणे अवघड झाले. निरोप दाराशी येतो, पण ऐकला जात नाही.

पण मघाची शंका उरतेच. दाटीमुळे इतरही दहा गोष्टी बदलत असतील. स्पर्शाचाच हा परिणाम, हे कशावरून? 2007 मध्ये बॅरी गंबिनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची सुरेख परीक्षा घेतली. त्यांनी अगदी बारीक मणी घेतले, त्यांना ई-कॅडहेरिनच्या बाहेरच्या भागाचा लेप दिला आणि बशीत विरळ वाढणाऱ्या पेशींवर ते सोडले. येथे दाटी नाही, अन्नाची टंचाई नाही आणि खरी शेजारीणही नाही. आहे तो फक्त एक 'खोटा हात'. तरीही पेशींची वाढ मंदावली आणि ईजीएफच्या ग्राहीकडून आत जाणाऱ्या निरोपाचा काही भाग अडला. पेशीला शेजारणीचा हात एवढेच पुरले.

त्याच वर्षी बॉस्टनमधील आंद्रेआ मॅक्लॅची यांच्या गटाने आणखी एक दुवा पुढे आणला. मर्लिन नावाचे एक प्रथिन पेशीपटलाच्या आतल्या बाजूला असते. पेशी एकमेकींना भिडल्या की हे प्रथिन त्यांचा सांधा पक्का करायला मदत करते आणि त्याच वेळी ईजीएफच्या ग्राहीला पेशीपटलात अशा जागी अडकवून ठेवते, की तेथून त्याला निरोपही देता येत नाही आणि पेशीच्या आतही जाता येत नाही. मर्लिन नसलेल्या पेशींची बशी भरली तरी ग्राही जागेच राहिले आणि पेशी विभागतच राहिल्या. ग्राहीला बंद करणारे औषध दिल्यावर त्या थांबल्या.

मर्लिन ही केवळ प्रयोगशाळेतील चीज नाही. त्याचे जनुक माणसाच्या 22 व्या गुणसूत्रावर आहे, हे 1993 मध्ये कळले. हे जनुक जन्मतः सदोष असलेल्या व्यक्तींमध्ये बहुधा दोन्ही कानांच्या मज्जातंतूंवर गाठी वाढतात. त्या सहसा कर्करोगाच्या नसतात, पण त्या थांबत नाहीत. अनेकांना तरुण वयातच ऐकू येईनासे होते. 'पुरे' हा शब्द पेशीला ऐकू गेला नाही, तर त्याची किंमत अशी मोजावी लागते.

पाय मात्र जमिनीवर हवेत

यावरून कुणी असे समजेल, की जोडप्रथिने म्हणजे नुसता ब्रेक. तसे नाही. पेशी फक्त शेजारणीला धरत नाही, ती खालच्या जमिनीलाही धरते. पेशींच्या खाली आणि भोवती तंतुमय प्रथिनांची एक चटई असते. तिला धरणारी जोडप्रथिने वेगळी आहेत. त्यांना इंटेग्रिन म्हणतात. हे नाव 1986 मध्ये दिले गेले.

1968 मध्ये मायकेल स्टोकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की अनेक निरोगी पेशी द्रवात तरंगत ठेवल्या तर अन्न आणि वाढघटक असूनही विभागत नाहीत. त्यांना कशावर तरी टेकायला हवे असते. पुढे 1994 मध्ये असेही दिसले, की अस्तराच्या पेशींची जमीन सुटली तर त्या स्वतःला संपवतात. याचे कारण असे, की इंटेग्रिनने जमीन धरली की त्या जागी आतून काही विकरे गोळा होतात आणि ती वाढघटकाच्या ग्राहीला मदत करतात. 1998 मध्ये इटलीतील ट्यूरिन येथील गटाने तर असे दाखवले, की पेशी जमिनीला चिकटत असताना ईजीएफ नसतानाही त्याचा ग्राही काहीसा जागा होतो.

म्हणजे नियम असा झाला : पाय जमिनीवर हवेत आणि हात रिकामे हवेत. तेव्हाच पेशी वाढीचा हुकूम पुरता ऐकते. जखमेच्या कडेच्या पेशीचे असेच असते. तिचे पाय टेकलेले आणि एका बाजूचा हात सुटलेला. फरशीच्या मधल्या पेशीचे हात गुंतलेले असतात. सुटून रक्तात किंवा द्रवात गेलेल्या पेशीचे पाय सुटलेले असतात. या दोघींना तोच हुकूम मिळूनही त्या तो पाळत नाहीत.

नियम सोपा केला आहे, हे शिक्षकांनी ध्यानात ठेवावे. दोन पेशी नुकत्याच भेटतात तेव्हा ई-कॅडहेरिन ईजीएफच्या ग्राहीला थोडा वेळ जागवतोही. पकड जुनी आणि पक्की झाली की अटकाव वरचढ होतो. शिवाय दाटी ओळखण्याचे पेशीचे इतरही मार्ग आहेत. हिप्पो या नावाने ओळखली जाणारी प्रथिनांची साखळी हा त्यांतील एक महत्त्वाचा मार्ग आहे. पण 'पेशी हुकूम ऐकते की नाही, हे तिने कुणाला धरले आहे यावर ठरते', हे सूत्र या सगळ्यांत टिकून आहे.

एका कुटुंबाची गोष्ट

हे सारे ज्ञान कुणाच्या कामी आले? न्यूझीलंडमधील एका माओरी कुटुंबाची हकिगत यासाठी सांगायला हवी. या मोठ्या कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या जठराचा कर्करोग होत होता. तीस वर्षांत त्यातील पंचवीसेक जण दगावले होते. त्यांत अगदी तरुण मुलेही होती. कुटुंबातील लोकांनीच पुढाकार घेतला आणि ओटागो विद्यापीठातील पॅरी गिलफर्ड यांच्या गटाबरोबर काम सुरू केले. आपल्या घराण्याची माहिती गोळा करून दिली, रक्ताचे नमुने दिले. 1998 मध्ये कारण सापडले. 16 व्या गुणसूत्रावरील ई-कॅडहेरिनचे जनुक या कुटुंबात सदोष होते.

प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात. या कुटुंबातील अनेकांना एक प्रत जन्मतःच निकामी मिळाली होती. जठराच्या अस्तरातील एखाद्या पेशीत दुसरी प्रतही गेली, की त्या पेशीला शेजारणीचा हात धरता येत नाही. ती अस्तरातून सुटते आणि एकटीदुकटी आतल्या थरांत शिरते. म्हणून या कर्करोगाची गाठ होत नाही. तो विखरून पसरतो आणि दुर्बीण घालून पाहिले तरी सुरुवातीला बहुधा दिसत नाही.

येथे फक्त पकडच गेली, की कानावरचा ताबाही गेला? 2007 च्या सुमारास झालेल्या प्रयोगांत, जठराच्या कर्करोगात आढळलेले ई-कॅडहेरिनचे काही सदोष नमुने तपासले गेले. दोष प्रथिनाच्या बाहेरच्या भागात असेल तर ईजीएफचा ग्राही जास्त जागा राहतो, असे दिसले. म्हणजे दोन्हीही जाऊ शकते. पण एक सावधगिरी : अशा पेशींचे बारीक पुंजके जठरात वर्षानुवर्षे निपचित पडून राहू शकतात. उताराशिवाय केवळ ब्रेक गेल्याने गाडी धावत सुटत नाही. पुढे आणखी काही जनुके बिघडावी लागतात. 'एक जनुक, एक रोग' असे मुलांना सांगताना आपण हे विसरू नये.

जनुक कळल्यावर त्या कुटुंबातील प्रत्येकाला तपासणी करून घेता आली. ज्यांच्यात दोष नव्हता त्यांची आयुष्यभराची धास्ती गेली. ज्यांच्यात होता त्यांच्यापैकी अनेकांनी जठर काढून टाकण्याचा अवघड निर्णय घेतला. काढलेल्या जठरांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केली, तेव्हा बहुतेकांत कर्करोगाचे बारीक पुंजके आधीच सापडले. निर्णय अवघड होता, पण तो वेळेवर झाला होता. जगभरातील अशा इतर कुटुंबांनाही पुढे याचा उपयोग झाला.

वर्गात परत येताना

आपण पाठ्यपुस्तकात पेशीचे चित्र काढतो ते एकटीचे. एक गोल, त्यात केंद्रक, बाहेर पटल. परीक्षेसाठी ते ठीक आहे. पण शरीरातली पेशी कधीच अशी एकटी नसते. ती खाली जमिनीला आणि बाजूला शेजारणींना धरून असते, आणि या धरण्यातूनच तिला आपण कुठे आहोत आणि काय करावे हे कळते. तेव्हा पुढच्या वेळी फळ्यावर पेशी काढाल तेव्हा तिच्या बाजूला आणखी दोन पेशी काढा आणि मध्ये धरलेले हात दाखवा.

मुलांपुढे ठेवण्यासाठी दोन प्रश्न. चिंचोक्यांच्या पटावर जखम सहा बाय सहा घरांची असेल तर ती किती फेऱ्यांत भरेल, आणि प्रत्येक फेरीत किती चिंचोके लागतील? आणि दुसरा : हाताला धरून थांबवणाऱ्या पेशी आपल्या शरीरात आहेत, तर मग रक्तातल्या पेशी कुणाचाच हात न धरता कशा राहतात? त्यांना 'पुरे' कोण सांगते?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आम्ही येथे देत नाही. गुडघा खरचटलेल्या एखाद्या मुलालाच ते शोधायला सांगा. खपली गळेपर्यंत त्याच्याकडे आठ-दहा दिवस आहेत.